हाताच्या जागी समुद्र

कारखान्यात त्यांना सगळे धप्पाकाका म्हणत. खरं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि तिथेच राहिलं. ज्या यंत्रापुढे त्यांनी उभा जन्म काढला ते यंत्र दिवसभर एकच शब्द बोलायचं, धप्प. वर जाड पोलादी पाट, खाली जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेलं मोठं चित्र आणि दोन्हींच्या मधे साचा. पाट खाली आला की धप्प, आणि अख्ख्या चित्राचे हजार तुकडे. "लोक मोडलेलं जोडायचा पगार घेतात, मी धडधाकट मोडायचा घेतो," असं काका सांगत, आणि ऐकणारा हसायच्या आत स्वतःच हसून मोकळे होत.

कारखाना जिगसॉ पझलचा होता. साचा म्हणजे लाकडाच्या फळीत वेड्यावाकड्या वाकवून ठोकलेल्या पोलादी पात्या. तो एकदा घडवायचा म्हणजे कारागिराच्या नाकी नऊ येत, त्यामुळे प्रत्येक चित्राला वेगळा साचा करण्याचे लाड मालकाला परवडणारे नव्हते. हजार तुकड्यांचा एकच साचा, आणि त्याखाली मांजरंही कापायची, फुलंही कापायची, बर्फाचे डोंगरही कापायचे. यातून एक गंमत व्हायची. मांजराच्या मिशीचा तुकडा डोंगराच्या चित्रात नेमक्या त्याच जागी चपखल बसायचा. डबा विकत घेणाऱ्याला हे माहीत नसे. कारखान्यातल्या माणसांना मात्र अंगवळणी पडलेलं, आणि घरी एका टेबलावर दोन डबे कधी उघडायचे नाहीत हा त्यांचा नियम.

एके वर्षी मालकाने ग्रीक पुराणकथांच्या जुन्या चित्रांची मालिका काढली. चित्रं देखणी, पण नावं अशी की उच्चारताना जिभेला गाठ पडावी. तेव्हा पॅकिंगच्या ताईंनी बारसं उरकून टाकलं. पॅकिंगच्या ताई म्हणजे तुकड्यांच्या पिशव्या डब्यांत भरणाऱ्या टेबलाच्या सर्वेसर्वा, आणि राहायला काकांच्याच जिन्यावर, एक मजला खाली. त्यांच्या तोंडाला कुलूप नव्हतं. खांद्यावर आभाळ पेललेला तो हमाल. डोक्यावर साप वळवळणारी ती सापकेसी. मेणाचे पंख लावून सूर्याकडे उडालेला पोरगा आगाऊ. बैलाचं तोंड आणि माणसाचं धड असलेल्या गड्याला मात्र सुपरवायझरचं नाव मिळालं, आणि खुद्द सुपरवायझर सोडून सगळ्यांना ते माहीत होतं.

त्या मालिकेतली दोन चित्रं काकांच्या घरची झाली. छपाई जराशी फिकट निघालेला माल कामगारांना घरी न्यायची मुभा होती, आणि काकांच्या घरी ठकी होती. ठकी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. तिला सोपं काही आवडतच नसे. तिने निवडलं गलबत. चित्रात सगळीकडे निळा समुद्र, एका अंगाला एक जहाज आणि त्याच्या डोलकाठीला दोरांनी बांधलेला एक माणूस. घरी निघालेला, पण वर्षानुवर्षं घर काही हाती न लागलेला. काकांना आवडायचं दुसरं, मायलेक. पाताळाच्या राजाने पळवून नेलेली मुलगी जमिनीतून वर येते आहे, आणि गुहेच्या तोंडाशी तिची आई दोन्ही हात पसरून उभी आहे. चित्राच्या मध्याजवळ आईची बोटं आणि मुलीची बोटं एकमेकांना लागतात, आणि ती जागा एका तुकड्यात मावते.

डब्यामागे गोष्ट छापली होती. मुलगी नाहीशी झाली म्हणून आईने रानं वाळवली, पिकं थांबवली, शेवटी देवांना तडजोड करावी लागली. पण मुलीने पाताळात डाळिंबाचे चार दाणे खाल्ले होते, म्हणून वर्षातले काही महिने तिने तिकडे राहायचं आणि काही महिने इकडे यायचं. काकांनी ही गोष्ट बायकोला वाचून दाखवली. बायको पझलना पुठ्ठ्याचा पसारा म्हणायची, तरी हातातलं काम ठेवून ऐकलं तिने.

"म्हणजे माहेरवाशीणच की ही," ती म्हणाली. "आणि डाळिंबाचं निमित्त कशाला? सासरी एक घोट पाणी प्यायली तरी पुरतं."

ठकीचा आणि काकांचा एक खेळ होता. त्याचं नाव भेसळ. खरं तर कारखान्याचा नियम मोडूनच तो खेळायचा. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावायची आणि समोरच्याचं लक्ष नसताना एका चित्रातला तुकडा उचलून दुसऱ्यात त्याच जागी बसवायचा, आणि तिथला पहिल्यात. मग आईच्या झग्यावर शिड यायचं, जहाजाच्या पोटात गुहेचा दगड यायचा. कुणाला आधी सापडतं ते बघायचं. काका मुद्दाम उशीर लावत, आणि ठकीला ते कळत असे, आणि कळतंय हे ती मुद्दाम दाखवत नसे. रविवारची दुपार अशी जायची. काकांना पुढे आयुष्यातलं बरंच काही आठवेनासं झालं, पण त्या दुपारी टेबलावर कोपर टेकवून बसलेली ठकी, तिच्या तोंडातलं वेणीचं टोक, हे कधी पुसलं गेलं नाही.

मग बायको गेली. दुखणं थोड्या दिवसांचं होतं, मागची पोकळी मोठी. ठकी तोवर कमावती झाली होती, पुढे तिचं लग्न झालं, आणि जावयाला समुद्रापलीकडे नोकरी लागली. ठकीलाही तिकडे काम मिळत होतं. काकांनी एका शब्दाने आडकाठी केली नाही. आई गेली की माहेर संपतं असं लोक म्हणतात, आणि काकांनी ते खोटं पाडायचं मनाशी घेतलं होतं. पण माहेर चालवायला माहेरवाशीण यावी लागते, हे त्यांच्या हिशेबात राहून गेलं.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी दोघांनी शेवटचा भेसळीचा डाव मांडला. मधेच जावयाचा फोन आला, एक बॅग जड होत होती, ठकी उठली, तुकडे घाईघाईने मोडून दोन डब्यांत भरले गेले. गलबताचा डबा तिने कपड्यांत गुंडाळून नेला. दुसऱ्या दिवशी खाली गाडी हॉर्न वाजवत होती, ठकी दारातून बॅग ओढत वळून म्हणाली, "बाबा, जाते."

पॅकिंगच्या ताई जिन्यात उभ्या होत्या. "अगं, जाते काय म्हणतेस? येते म्हणावं."

"तेच ते, मावशी," ठकी हसून म्हणाली, आणि पायऱ्या उतरून गेली.

तेच ते नव्हतं. काका अंधश्रद्धाळू नव्हते. त्यांनी कधी मांजराला वाट दिली नाही की शिंकेला थांबले नाहीत. पण हा शब्द त्यांच्या कानात अडकला तो अडकलाच. यंत्राने त्यांचे कान अर्धे नेले होते, आणि उरलेल्या अर्ध्यात हा शब्द जाऊन बसला.

काही आठवड्यांनी, घर फारच शांत वाटलं म्हणून, त्यांनी मायलेक लावायला घेतलं. लावून झालं तेव्हा मधोमध एक भोक राहिलं. नेमकी बोटांची जागा. आणि डब्यात एक तुकडा उरला, निळाशार, नुसतं पाणी. काकांना क्षणभरही विचार करावा लागला नाही. भेसळीत अदलाबदल झाली होती आणि घाईत कुणीच ती परत केली नव्हती. त्यांनी निळा तुकडा उचलून भोकात ठेवला. बसला. बसणारच, साचा त्यांचाच होता. आईचा हात एकीकडून आलेला, मुलीचा दुसरीकडून, आणि मधे समुद्र.

याचा अर्थ तिकडे, तिच्या गलबताच्या समुद्रात, हात होता.

त्या दिवसापासून काका वाट बघू लागले. ठकी कधीतरी डबा उघडेल. चित्र लावेल. पाण्याच्या मधोमध तिला दोघींची बोटं दिसतील, आणि कुणी न सांगता तिला कळेल की बाबांच्या टेबलावर काय आहे. मग ती फोन करेल. आपण होऊन हे सांगायचं नाही, असं त्यांनी ठरवलं. पॅकिंगच्या ताईंनी त्यावरून त्यांची पुष्कळ उलटतपासणी केली.

"एवढं मनात आहे तर बोला की तिला सरळ. तोंड शिवलंय का?"

"सांगून आलेली आठवण ती कसली आठवण?"

"आणि नाही आली तर?"

काकांनी ताईंना जिन्यातला दिवा बदलायला हवा असं सांगितलं.

ठकीचा फोन दर रविवारी येई. त्यात कधी खंड पडला नाही, हेही सांगायला हवं, नाहीतर वाचणारा उगाच तिच्यावर डूख धरायचा. पोरगी मायाळू होती. तिकडे तिचं काम, नवऱ्याचं काम, मग बाळ, बाळाचं आजारपण, मग बाळाची शाळा. दर वर्षी "पुढच्या वर्षी नक्की, बाबा," आणि दर वर्षी ते तिला खरंच वाटायचं. काकाही तसेच. "माझं काय, मी मजेत. तू तुझं बघ. माझी काळजी करू नकोस." गुडघा धरलेला असताना मजेत, तापात मजेत. बापाने इतकं मजेत राहू नये. लेकीला शेवटी ते खरं वाटायला लागतं.

फोन ठेवताना ती म्हणे, "बरं बाबा, ठेवते." फोनवर सगळे असंच म्हणतात. काकांना ते माहीत होतं, तरी दर वेळी ते रिसिव्हर जरा वेळ कानालाच धरून ठेवत, मागून येते ऐकू येईल म्हणून.

आडून आडून ते चौकशी करत. तिकडे थंडीत घरातच बसता ना गं? मग दिवसभर काय करता? तो गलबताचा डबा आहे ना तुझ्याकडे? "आहे हो बाबा, वर कपाटावर ठेवलाय, जपून," ठकी सांगे. जपून. काकांना वाटे, इतकं जपू नकोस गं, जरा उघड.

एकदा मात्र सगळं हातातून जायची वेळ आली. साच्याच्या पात्या झिजल्या होत्या, तुकड्यांच्या कडांना पुठ्ठ्याचे तंतू सुटायला लागले होते, आणि मालकाने नवा साचा करायला टाकला. जुना भंगारात जाणार. आणि नवा साचा म्हणजे नवी कापणी. त्यानंतर निघालेल्या मायलेक चित्राचा एकही तुकडा काकांच्या चित्रात बसणार नव्हता. जुन्या साच्याच्या शेवटच्या दिवसांत पॅकिंगच्या ताई त्यांच्या यंत्रापाशी आल्या आणि मूठ पुढे केली. मुठीत हात होता. म्हणजे बोटांचा तो तुकडा.

"वाया गेलेल्या चित्रातून काढलाय. ठेवून घ्या. नंतर रडाल तर मिळायचा नाही."

काकांनी तो बोटांत धरला, उजेडात फिरवला. छपाई तीच, पुठ्ठा तोच, कापणीही तीच. घरी नेऊन बसवला असता तर चित्र पुरं झालं असतं आणि जगात कुणाला फरक कळला नसता.

"हा तिच्याकडचा नाही," ते म्हणाले, आणि तुकडा ताईंच्या हातावर परत ठेवला.

"लोकांचा काळजाचा तुकडा असतो, तुमचा पुठ्ठ्याचा निघाला," ताई पुटपुटल्या. पण त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते लपवायला त्यांनी उगाच एका पोरीला पिशव्या नीट न बांधल्याबद्दल झापलं.

जुना साचा गेला आणि पाठोपाठ काकाही निवृत्त झाले. "साचा आणि मी एकदमच बाद," हे त्यांनी निरोपाच्या वेळी बोलून दाखवलं आणि सवयीप्रमाणे सगळ्यांच्या आधी हसले. कारखान्याने त्यांना भिंतीवरचं घड्याळ दिलं. ज्याला आता कुठेच वेळेवर पोचायचं नाही त्याला लोक घड्याळ का देतात, हे काकांना कळलं नाही. ते त्यांनी टेबलासमोर टांगलं. खाली मायलेक, मधे समुद्र, वर घड्याळ. जेवायला ते टेबलाच्या एका कोपऱ्यावर बसत, चित्राला धक्का न लावता. आलेल्या माणसाला कधी वाटायचं, म्हाताऱ्याने चुकीचा तुकडा बसवलाय. एकदोघांनी तो काढायलाही हात पुढे केला. काका एरवी कुणावर ओरडत नसत, तेव्हा ओरडले.

आत आत मात्र त्यांना भीती वाटू लागली होती. डबा कपाटावर राहूनच जुना होईल. आपण आधी संपू. मग कुणीतरी हे टेबल आवरेल, सगळे तुकडे एका पिशवीत भरेल आणि टाकून देईल, आणि तिकडच्या समुद्रातला हात कुणाचा होता हे कुणाला कळणारही नाही. कधी कधी ते निळ्या तुकड्यावर बोट ठेवून बसत. गुळगुळीत होता तो, इतक्या वेळा बोट फिरून फिरून.

आणि मग एका रविवारी फोन आला तो ठकीचा नव्हता. नातीचा होता. तिला कांजिण्या झाल्या होत्या, शाळा बंद, घरात बसून कंटाळलेली. तिने काकांना कधी प्रत्यक्ष पाहिलं नव्हतं, पण फोनवर ती त्यांच्याशी बरोबरीच्या नात्याने बोलत असे.

"आजोबा, आईने मला वरचा डबा काढून दिला. जहाजाचा. आम्ही तीन दिवस लावतोय."

काका उठून उभे राहिले. खुर्ची मागे पडली.

"मग? लागलं का?"

"लागलं. पण आजोबा, पाण्यात हात आहे. कोणी बुडतंय का?"

इतकी वर्षं या क्षणाची त्यांनी वाट पाहिली होती, त्यासाठी वाक्यंही जुळवून ठेवली होती, आणि आता एक सापडेल तर शपथ.

"नाही गं बाळा," शेवटी ते म्हणाले. "कोणी बुडत नाहीये. ते हात... ते भेटतायत."

"पाण्यात?"

तेवढ्यात पलीकडे फोन हातातून हातात गेला. "बघू, दे इकडे," असा ठकीचा आवाज आला, मग तिची पावलं, बहुतेक टेबलापर्यंत. काकांचे कान अर्धेच होते, तरी तिचा श्वास त्यांना ऐकू येत होता. ती या घरची पोर होती. साचा एक आणि चित्रं अनेक, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं.

"बाबा," ती म्हणाली, "तुमच्याकडे त्या जागी काय आहे?"

"समुद्र."

"तेव्हापासून?"

"हो."

"आणि तुम्ही तो तसाच ठेवलाय? मला बोलला नाहीत?"

काकांच्या ओठांवर नेहमीचं वाक्य आलं होतं. अगं त्यात काय, मी मजेत. ते त्यांनी गिळलं.

ठकीने नाक ओढलं. "मी उद्याच पोस्टाने पाठवते. नीट पाकिटात घालून."

"नको."

"हरवणार नाही, बाबा. रजिस्टर करते."

"पाठवू नकोस, ठकी." काका यंत्रापुढे बोलायचे तसं मोठ्याने बोलत होते, सगळ्या जिन्याला ऐकू जाईल इतकं, आणि त्यांना त्याची पर्वा नव्हती. "मला तो पोस्टाने नको. तू घेऊन ये. मी मजेत-बिजेत काही नाहीये. मला तुझी आठवण येते. पोरीला घेऊन ये."

बोलून टाकलं. यंत्राचा पाट खाली यावा तसं ते आलं. पलीकडे नात काहीतरी विचारत होती. मग ठकी सुट्टीचं काहीतरी बोलली, तिकिटाचं काहीतरी, नातीच्या खपल्या आधी पडू देत असं काहीतरी. काकांना निम्मं कळलं, निम्मं नाही. तिचा आवाज ओला झाला होता आणि ती तो सावरायचा प्रयत्न करत नव्हती.

"बरं बाबा," शेवटी ती म्हणाली. इथे ती एरवी थांबायची नाही. आज थांबली. "येते."

आणि फोन बंद झाला.

काका रिसिव्हर कानाला लावून तसेच उभे होते. एवढ्या मोठ्या आवाजाने घाबरून पॅकिंगच्या ताई धापा टाकत वर आल्या होत्या, आणि दारातूनच विचारत होत्या, "काय झालं हो? कुणाचा फोन? काय म्हणाली पोरगी?"

"येते म्हणाली."

"म्हणजे? फोन ठेवला?"

"ठेवला," काका म्हणाले. "पण येते म्हणाली."